त्या अर्ध्या तासाबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

गगनबावड्याहून पहाटेच्या एसटीने कोल्हापुरात आलेली, रिपोर्टची पिशवी छातीशी धरून बसलेली, ३० आठवड्यांची गरोदर बाई आपल्याला आठवत असेलच असे नाही. त्याआधी दुसऱ्या एका दवाखान्यात माझी दोनदा सोनोग्राफी झाली होती. दोन्ही वेळा तपासणारे चकार शब्द न काढता पडद्याकडे पाहत राहिले आणि शेवटी "बाळ बारीक आहे, खात जा," एवढे बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले. मी ते खात होते आणि स्वतःलाच दोष देत होते. त्या वागण्याचा राग अजून गेलेला नाही.

आपण मात्र पोटावर जेल लावण्याआधी खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणालात, "आता अर्धा तास मी गप्प राहून बाळाचं हृदय बघणार आहे. मी बोलत नाही म्हणजे काहीतरी वाईट दिसतंय, असं समजू नका." मधेच बाळाने पाठ फिरवली, तेव्हा आपण मला डाव्या कुशीवर वळवलेत, पाठीशी उशी सरकवलीत आणि "अजून मोजतेच आहे हं," एवढेच बोललात. त्या चार शब्दांवर मी उरलेला वेळ काढला.

नंतर आपण कागदावर चित्र काढून समजावलेत, की वारेतून रक्तपुरवठा कमी पडला की बाळ आहे ते रक्त मेंदूकडे वळवते आणि हृदयावर ताण येतो. म्हणून नुसते ठोके मोजून भागत नाही, कारण ११० ते १६० या मर्यादेत ठोके असतानाही हृदय दमलेले असू शकते. ते आकुंचन पावायला आणि सैल व्हायला किती वेळ घेते, नाळेकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या छोट्या शिरेतला प्रवाह पुढेच जातो की क्षणभर उलटा फिरतो, हे आपण पाहत होता. "सैल व्हायला जरा वेळ लागतोय, पण रक्त नीट ढकलतंय. दर आठवड्याला यायचं. आणि हे तुमच्या खाण्यामुळे झालेलं नाही." हे शेवटचे वाक्य ऐकून मी रडले, आणि आपण मला रडू दिलेत.

घाबरलेल्या माणसाला दोन वाक्ये आधी सांगून ठेवायला पैसे लागत नाहीत, तरी ती सांगणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत.

३५व्या आठवड्यात बाळ झाले, वजन १ किलो ८०० ग्रॅम. आता ते अंगावर नीट पिते. पुढच्या लसीसाठी कोल्हापूरला येऊ, तेव्हा त्याला आपल्या हातात द्यायचे आहे. बाहेर कितीही गर्दी असली तरी मी थांबेन.

आपली कृतज्ञ,
एक आई