‘आणि पार्टी’तल्या माणसांचे मानधन

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठ कलावंतांना आपले सरकार दरमहा ५,००० रुपये मानधन देते. त्यासाठी कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. कव्वालीत मागच्या रांगेत बसून ज्याची हयात टाळी देण्यात गेली, त्याने ते आणायचे कुठून? फलकावर नाव मुख्य कव्वालाचे, पुढे नुसते ‘आणि पार्टी’. कॅसेटवरही तेच.

साहेब, हाजी अलीला कव्वाली रंगलेली असताना कधीतरी या मागच्या रांगेकडे बघा. कव्वाल मिसरा, म्हणजे शेराची एक ओळ, टाकतो; हमनवा, म्हणजे मागचे साथीदार, ती झेलतात. तेवढ्यात कव्वाल दम घेतो, पुढची गिरह, म्हणजे मध्येच गुंफायचा दुसरा शेर, जुळवतो. त्याची मान हलली की ढोलकवाल्याला कळते, आता लय चढणार. आणि एखाद्या श्रोत्याला ‘हाल’ आला, म्हणजे भक्तीच्या भरात त्याचे भान हरपले, तर ज्या ओळीवर आला ती ओळ तो भानावर येईपर्यंत सोडायची नाही, असा दंडक आहे. मग तीच ओळ, तोच ठेका, तीच टाळी, कितीही वेळ. तळवे लालबुंद होतात, पण टाळी मात्रा सोडत नाही. याला ‘नुसती टाळी’ म्हणणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

नुसरत फतेह अली खाँ जगभर गाजले. त्यांच्या सरगमच्या भराऱ्या आपण ऐकतो. त्या भराऱ्यांखाली दिलदार हुसेन यांचा तबला आणि धाकटे बंधू फर्रुख यांची पेटी घट्ट उभी असते. फर्रुख तर बरोबरीने गातही. ही दोन नावे निदान ठाऊक तरी आहेत. टाळी देणाऱ्यांची कुणाला आठवतात?

आपल्याकडे शाहिरामागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांची गतही वेगळी नाही. तेव्हा मागणी दोघांसाठी आहे. मुख्य गायकाचे किंवा दर्ग्याच्या विश्वस्तांचे लेखी पत्र साथीदाराचा पुरावा म्हणून ग्राह्य धरा. मुख्य गायक हयात नसेल, तर त्याच पार्टीतल्या दोघा जुन्या साथीदारांचे प्रतिज्ञापत्र चालावे. अर्जात ‘साथीदार’ असा रकाना ठेवा. आणि सरकारी महोत्सवांच्या पत्रिकेवर ढोलकवाल्यापासून टाळीवाल्यापर्यंत सगळ्यांची नावे छापा. उद्या अर्ज करताना तीच पत्रिका त्यांना जोडता येईल.

आपला,
एक कव्वालीप्रेमी, मुंबई