घरपट्टी माफ नको, तिचा हिशोब हवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

डिसेंबर 2025 मध्ये नगरपालिकांच्या आणि जानेवारी 2026 मध्ये महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, त्या काळात माझ्या दारात जेवढी पत्रके पडली ती मी जपून ठेवली आहेत. पक्ष कोणताही असो, प्रत्येक पत्रकात घरपट्टीत सवलत देण्याचे, वाढ रद्द करण्याचे किंवा शास्ती, म्हणजे थकबाकीवरचा दंड, माफ करण्याचे आश्वासन होते. जमा झालेली घरपट्टी नेमकी कशावर खर्च होते, हे सांगण्याचे आश्वासन मात्र मला एकाही पत्रकात आढळले नाही. मी सहकारी संस्थेत हिशेबनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे जमेची बाजू रंगवून सांगणारा आणि खर्चाची बाजू झाकणारा कागद दिसला की मला अस्वस्थ व्हायला होते. घरपट्टी वाढली याबद्दल माझी तक्रार नाही. विचारायला कोणी जागेवर नसताना ती वाढवली गेली, ही माझी तक्रार आहे आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

सांगली मिरज कुपवाड महानगरपालिकेची मागची निवडणूक ऑगस्ट 2018 मध्ये झाली. त्या सभागृहाची मुदत ऑगस्ट 2023 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला 15 जानेवारी 2026 ही तारीख उजाडली. मधली सुमारे अडीच वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बहुतेक जुन्या नगरपालिकांनी तर जवळपास चार वर्षे प्रशासक पाहिला, आणि जिल्हा परिषदांतही 2022 पासून तेच चालले होते. नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असे राज्यघटनेच्या 243-यू या अनुच्छेदात स्पष्ट लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली अहमदाबादच्या प्रकरणात तेच बजावले होते. त्याच न्यायालयाच्या मार्च 2021 च्या निकालाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा पेच उभा राहिला, पुढे प्रभाग किती सदस्यांचा असावा यावर सरकारे बदलतील तसे निर्णय बदलत गेले, आणि अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयालाच निवडणुका घ्या असे सांगावे लागले. या काळात मुंबईत दोन वेगवेगळ्या आघाड्यांची सरकारे होती, म्हणून याचा दोष एका पक्षाच्या पदरात टाकता येणार नाही. नगरसेवक नसल्याची अडचण मंत्रालयात कोणालाच फारशी जाणवली नसावी, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरत नाही.

प्रशासकाच्या कारभाराची सगळ्यात विलक्षण बाब म्हणजे ठराव. एरवी प्रशासन प्रस्ताव ठेवते, सभागृहात त्यावर वादावादी होते, विरोधक आरडाओरडा करतात, वर्तमानपत्रात बातमी येते आणि मग बहुमताने ठराव होतो. ती वादावादी अनेकदा पोरकट असते हे मीही जाणतो, पण निदान बातमी येते. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव ठेवणारा, मंजूर करणारा आणि अंमल करणारा अधिकारी एकच. संस्थेत खरेदी करणारा, बिल पास करणारा आणि पैसे देणारा माणूस एकच निघाला, तर लेखापरीक्षक पहिला शेरा त्यावरच मारतो.

आता जवळचे उदाहरण सांगतो. माझे वडिलोपार्जित घर सांगली जिल्ह्यातील एका नगरपालिकेच्या हद्दीत आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा अनुभव एकाच कार्यालयाचा असेल असे मला वाटत नाही. प्रशासकाच्याच काळात तेथे दर चार वर्षांनी होणाऱ्या चतुर्थ वार्षिक कर आकारणीसाठी खासगी एजन्सीची दोन मुले मोबाइल आणि मोजणीचे यंत्र घेऊन आली. घराला मंगलोरी कौले आहेत, पुढे ओटा आहे आणि मागे गोठा आहे. गोठ्यात गेली दहा वर्षे जनावर नाही, जळण आणि जुनी बैलगाडीची चाके आहेत. मुलांनी ओटा मोजला, गोठा मोजला, छायाचित्र काढले आणि पाच मिनिटांत ती पुढच्या घरी गेली. काही महिन्यांनी नोटीस आली, तीत बांधकामाचा प्रकार ‘आरसीसी’, म्हणजे सिमेंट-काँक्रीटचा, आणि गोठ्याचा वापर ‘वाणिज्य’ असा लिहिलेला होता. कर जवळपास तिप्पट झाला होता.

मी हरकत घेतली. सुनावणीच्या दिवशी जिन्यावर रांग होती आणि त्या रांगेत माझ्यापेक्षा म्हाताऱ्या, जुन्या पावत्यांची पिशवी छातीशी धरून उभ्या असलेल्या बायका मी पाहिल्या. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे मिळत होती. मी छपराचे छायाचित्र पुढे ठेवले. समोरच्या कर्मचाऱ्याने ते सौजन्याने पाहिले, अर्जाला लावले, पोच दिली आणि ‘वरिष्ठांकडे पाठवतो’ असे सांगितले. त्याचा दोष नाही. दुरुस्तीचा अधिकार त्याला नव्हता. कायद्याने पुढची पायरी म्हणून अपील समिती आहे आणि तीत नगराध्यक्षांसह काही लोकनियुक्त सदस्य बसावेत अशी योजना आहे, परंतु नगराध्यक्षच नसल्यावर त्या खुर्चीवरून लोकांची बाजू कोण मांडणार, याचे उत्तर मला तिथे मिळाले नाही. पूर्वी असल्या चुकीसाठी माणूस सकाळी सकाळी नगरसेवकाच्या घरी जाई, चहा घेई, तावातावाने बोलून परत येई; काम होवो न होवो, निदान त्याला पुढच्या निवडणुकीची भीती घालता येत असे.

पुनर्आकारणी करण्यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही. घराचे वाजवी वार्षिक भाडे धरून त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर लावायचा, ही पद्धत जुनी आहे आणि भाडी वाढली की करही वाढणार. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानासाठी अटच घातली होती की, मालमत्ता कराचे किमान दर ठरवावेत आणि कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या प्रमाणात वाढती राहावी. म्हणजे वाढ होणार हे ठरलेले होते. निवडणुकीच्या पत्रकात वाढ रद्द करू म्हणणाऱ्यांनी या अटीचा उल्लेख कुठेही केलेला नाही, आणि ही लबाडी मला वाढीपेक्षा जास्त खटकते.

याचे मूळ शोधायला थोडे मागे जावे लागते. शहरात येणाऱ्या मालावरची जकात वाईट होती, नाक्यांवर ट्रकच्या रांगा आणि चिरीमिरी दोन्ही असे. पण ते शहराचे स्वतःचे उत्पन्न होते. नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली आणि त्याबदल्यात शासनाचे सहायक अनुदान सुरू झाले. महानगरपालिकांत 2010 पासून टप्प्याटप्प्याने एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली, व्यापाऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला, 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना तीतून वगळले गेले आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर ती पूर्णच संपली. आता महानगरपालिकांना राज्याकडून भरपाई मिळते, ती दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढते, आणि तिच्यावर पगार अवलंबून असतात. शहराने स्वतः ठरवायचा आणि स्वतः गोळा करायचा असा मोठा कर म्हणून घरपट्टी तेवढी उरली. तीही माफ करा म्हणायचे, तर शहर पूर्णपणे मुंबईच्या तोंडाकडे पाहत बसणार.

‘निधी आणला’ हा शब्द आपल्याकडे रुजला तो यातूनच. चौकाचौकांत फलक लागतात, अमुक साहेबांच्या प्रयत्नांतून अमुक कोटींचा निधी मंजूर. जणू साहेबांनी तो घरच्या तिजोरीतून आणला! तो निधी याच शहरातल्या पेट्रोलच्या, जीएसटीच्या आणि मुद्रांक शुल्काच्या पैशातून वर गेलेला असतो आणि त्यातला तुकडा परत येताना त्यावर फोटो चिकटलेला असतो. असा निधी आला की नगरसेवकाचे तोंडही करदात्याकडून फिरून पालकमंत्र्यांकडे वळते, कारण त्याच्या प्रभागातला रस्ता माझ्या घरपट्टीतून होणार नसून त्यांच्या पत्रातून होणार असतो. सांगलीतील शेरी नाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळण्याचा प्रश्न किती निवडणुकांच्या भाषणांत येऊन गेला हे मोजणे आता मी सोडून दिले आहे.

राज्य आपल्याकडून नेते काय, हेही एकदा पाहावे. सांगलीत नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाला 2,500 रुपये. राज्यघटनेच्या 276 व्या अनुच्छेदात हा कर राज्यासाठी तसा नगरपालिकेसाठीही लावता येईल अशी सोय आहे, पण आपल्याकडे 1975 च्या कायद्याने तो राज्याकडेच जातो. घरपट्टीच्या बिलावरही शिक्षण कर आणि, जागा निवासी नसेल तर, रोजगार हमी उपकर अशा ओळी असतात. त्या राज्याच्या 1962 च्या कायद्याने लागतात, नगरपालिका फक्त गोळा करून पाठवते. शिव्या मात्र संपूर्ण बिलाच्या बेरजेवरून नगरपालिकेला बसतात. माझ्या गोठ्याला ‘वाणिज्य’ म्हटल्यामुळे त्या जळणावर मी रोजगार हमीचाही वाटा भरायचा आहे. दुसरीकडे मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता करातून सूट आहे. सांगलीच्या खणभागातल्या दोन खोल्यांना ती का नाही, हे कोणी समजावून सांगितलेले मी ऐकले नाही. मी ती मागत नाही, तरीही विचारतो.

थकबाकीदारांची शास्ती माफ करणाऱ्या अभय योजनेबद्दल थोडक्यात. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, ती जाचक आहे आणि कमी व्हावी हे मान्य आहे. परंतु वेळेवर भरणाऱ्याने भरत राहायचे आणि पाच-सात वर्षे न भरणाऱ्या मोठ्या मालमत्ताधारकाची शास्ती मार्चअखेरीस माफ व्हायची, हा प्रकार वेळेवर भरणाऱ्याला मूर्ख ठरवतो. सूट द्यायचीच असेल तर ती सलग दहा वर्षे वेळेवर भरणाऱ्याला द्यावी.

नव्या सभागृहांकडून माझी मागणी फार मोठी नाही. शहरांच्या कायद्यांत 2009 साली क्षेत्रसभेची तरतूद झाली, जशी गावाला ग्रामसभा तशी प्रभागातल्या मतदारांना क्षेत्रसभा. माझ्या ओळखीच्या कोणीही आजवर एकही क्षेत्रसभा पाहिलेली नाही. ती अंदाजपत्रकाआधी घ्यावी आणि तिथे एक कागद वाटावा, मराठीत, एका पानाचा: या प्रभागातून किती घरपट्टी आणि पाणीपट्टी आली, त्यातली राज्याची किती, पगारावर किती गेली, आणि या प्रभागातल्या गटारावर, दिव्यावर, शाळेच्या छपरावर किती गेली. अमुक रस्ता घरपट्टीतून आणि अमुक राज्याच्या निधीतून, हेही त्यावर असावे. फलकावर फोटो कोणाचा लावायचा ते मग लोक ठरवतील. प्रशासकाच्या काळात झालेल्या कर आकारणीच्या ज्या हरकती पडून आहेत, त्यांची सुनावणी लोकनियुक्त सदस्यांसमोर पुन्हा व्हावी आणि तोपर्यंत जुन्या दराने भरणाऱ्याला थकबाकीदार ठरवू नये. एजन्सीला प्रत्येक मालमत्तेमागे पैसे दिले असतील, तर तिच्या चुकीच्या नोंदीमागे ते परत घेण्याची अट करारात होती की नाही, हेही सभागृहाने विचारावे.

हीच माणदेश-कृष्णाकाठची माती. 1 मे 1962 ला राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा मुख्यमंत्री कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण होते. त्याच्याही आधी, 1943 पासून पुढची काही वर्षे, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच गावांत आपला कारभार आपण चालवून दाखवला होता. त्याच सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या बहुतेक नगरपालिकांत जवळपास चार वर्षे नगरसेवक नव्हते आणि आम्ही कुरकुर करण्यापलीकडे काही केले नाही, यात आम्हा करदात्यांचाही वाटा आहे. मी स्वतः त्या काळात एकही पत्र लिहिले नाही, हे कबूल करतो.

माझ्या हरकतीचा निकाल अजून लागलेला नाही. पहिल्या सहामाहीची रक्कम मी ‘हरकत राखून’ असे अर्जावर लिहून भरली आहे. या महिन्यात दुसऱ्या सहामाहीचे बिल आले असून, त्यात बांधकामाच्या प्रकारापुढे ‘आरसीसी’ असेच छापलेले आहे.

आपला,
एक करदाता, सांगली