भाड्यातून हप्ता फिटत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या जागा-जमिनींच्या पानावर तीन वेगवेगळ्या जाहिरातींत एकच वाक्य होतं : ‘भाड्यातूनच हप्ता भरा.’ मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. तरीही २०१९ मध्ये हेच वाक्य मी खरं मानलं, म्हणून हे पत्र.

बडोद्याच्या समा भागात, दुसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमचा तयार फ्लॅट. किंमत ३० लाख. माझ्या निवृत्तीच्या पैशांतले ६ लाख घातले आणि २४ लाखांचं कर्ज मुलगा आणि मी मिळून घेतलं. साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत, हप्ता २०,८२८ रुपये. पहिल्या हप्त्यातले १७,००० व्याजात गेले, मुद्दल फिटलं ३,८२८. दस्तावेजाला ४.९ टक्के मुद्रांक शुल्क आणि १ टक्का नोंदणी फी, म्हणजे १,७७,००० रुपये वेगळे लागले, तेही खिशातून. गुजरातेत खरेदी एकट्या बाईच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ असते. आम्ही मुलाचंही नाव घातलं आणि ३०,००० रुपये भरून बसलो. हे आम्हाला दस्तावेजाच्या दिवशी कळलं.

दलालाने सांगितलेलं भाडं मात्र खोटं नव्हतं. ११,००० म्हणाला होता, ११,००० च आलं. वर्षाचे १,३२,०००, तीस लाखांवर ४.४ टक्के. जाहिरातीतला हिशेब इथेच थांबतो.

माझी वही पुढे जाते. पहिल्या वर्षी फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला. एका महिन्याचं भाडं दलालीत गेलं. हातात राहिले ९९,०००. सोसायटीचा मेन्टेनन्स १२,००० (फ्लॅट रिकामा असला तरी भरावाच लागतो), वेरो (महापालिकेचा घरपट्टी कर) ३,५००, गीझर आणि रंगाला ७,५००. उरले ७६,०००. आम्ही घातलेल्या ३१,७७,००० वर हे अडीच टक्केही होत नाहीत, आणि बँकेला देतोय साडेआठ. वर्षाच्या हप्त्यांतून ७६,००० वजा केले, तर मुलाच्या पगारातून दरमहा साडेचौदा हजार जात होते. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. त्या वर्षी त्या दोघांनी काय काय पुढे ढकललं ते मी पाहिलं आहे.

मध्ये व्याज उतरलं. पण मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्या व्याजाने ती बँकांना पैसे देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. हप्ता तेवढाच राहिला म्हणून आम्ही निर्धास्त होतो. विवरणपत्र नीट वाचलं तेव्हा दिसलं की मुदतच लांबली आहे. व्याज बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्यावं, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलं. ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांनी आपल्या शाखेत जाऊन हे जरूर विचारावं. आयकराच्या सवलतीवरही डोळे मिटून विसंबू नये. भाड्याने दिलेल्या घराचा तोटा पगारातून वजा करता येतो तो जुन्या पद्धतीत, तोही वर्षाला २ लाखांपर्यंतच. नव्या पद्धतीत तो वजा होतच नाही.

आणि मग ऑगस्ट २०२४. विश्वामित्री नदी गावात शिरली. आमचा फ्लॅट कोरडा राहिला, पण खाली पार्किंगमध्ये छातीइतकं पाणी होतं. लिफ्टची मोटर गेली, मीटरची पेटी गेली. बडोद्याजवळच्या सावली गावी कारखान्यात जाणारा आमचा भाडेकरू भला माणूस. त्याच्या घरी तान्हं बाळ होतं. पुढच्याच महिन्यात त्याने किल्ली आणून दिली. सोसायटीने दर फ्लॅटमागे १८,००० काढायला लावले. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे, मीटरच्या पेटीच्या वर चार बोटं.

ज्यांच्याकडे रोख पैसा आहे, किंवा पुढे स्वतः राहायला जायचं आहे, त्यांचं गणित वेगळं. मी लिहिते आहे ते पगारावर कर्ज काढून भाड्याच्या भरवशावर घर घेणाऱ्यांसाठी. तुमच्या त्या पानावर किमतीशेजारी त्याच इमारतीत आज मिळणारं भाडं, मेन्टेनन्स आणि वेरो एवढे तीन आकडे छापता येणार नाहीत का?

माझा भाचा याच महिन्यात अशाच एका फ्लॅटचं टोकन देणार होता. परवा रात्री आठ वाजता मी त्याला त्या इमारतीसमोर घेऊन गेले आणि दिवे मोजायला लावले. चाळीस फ्लॅटपैकी सतरांत दिवे होते. नंतर आम्ही कुंपणाच्या भिंतीवरची रेघ शोधली. त्याने टोकन अजून दिलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे