पोरांच्या कोचला कप मागू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा इथल्या, म्हणजे आपल्या बेळगावच्या, चौदा वर्षांखालच्या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेची बातमी तुमच्या पेपरात वाचली. सगळ्या सहा ओळी, त्यात दोन गोल मारलेल्या पोराचं नाव दोनदा आलंय, आणि शेवटी काय तर हरलेल्या शाळेचा कोच बदला अशी पालकांची मागणी. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो, लांबलं तर कात्री लावा.

मी स्वतः बरीच वर्षं मंडळाकडून खेळलो, जागा हाफची, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीतली. मिडफिल्डर हा शब्द नंतर टीव्हीवरनं आला, आमच्यात हाफच म्हणायचे. हाफवाल्याचं नशीब असं की बॉल पुढच्याला दिला तर गोल त्याचा, आणि मागं गेला तर शिव्या तुम्हाला. घोट्यानं दगा दिला तेव्हा बूट काढले, आता सकाळी लेले ग्राउंडच्या एका कोपऱ्यात (दुसऱ्या कोपऱ्यात क्रिकेटवाले असतात, त्यांचा बॉल आमच्यात आणि आमचा त्यांच्यात) पोरांना शिकवतो.

या कामात मी ज्याचं नाव घेतो तो षण्मुगम वेंकटेश. बेंगळूरचा माणूस, मिडफिल्डला खेळला, साळगावकर, ईस्ट बंगाल, महिंद्रा युनायटेड, पुणे एफसी असे मोठे क्लब केले, भारताचा कॅप्टनही होता. तरी आमच्या गल्लीत दहा जणांना विचारा, भुतिया छेत्री सांगतील, वेंकटेश कोण म्हणतील. खेळ संपल्यावर तो भारताच्या टीमबरोबर तेव्हाचा मुख्य कोच कॉन्स्टंटाईनच्या हाताखाली असिस्टंट होता आणि 2019 ला इंडियन अ‍ॅरोजचा कोच झाला. अ‍ॅरोज म्हणजे भारतीय फुटबॉल फेडरेशनची तेव्हाची पोरासोरांची टीम (2022 ला बंद केली), मिसरूड न फुटलेली पोरं आय-लीग या देशभरातल्या क्लबांच्या स्पर्धेत बाप्या माणसांसमोर उतरवायची, परदेशी प्लेयर एकही नाही आणि समोरच्याकडं मात्र सहा सहा फुटी आफ्रिकन. 2019-20 ला ही टीम टेबलच्या तळाला होती. आता आमच्या पालकांच्या हिशोबानं वेंकटेशला दुसऱ्या दिवशी घरी पाठवायला पाहिजे होतं की नाही? पण त्या टीमला रेलिगेशनच, म्हणजे तळाला राहिलं की खालच्या लीगमध्ये ढकलणं, ठेवलं नव्हतं, कारण ती जिंकण्यासाठी काढलीच नव्हती. त्याच तळातल्या टीममधला आकाश मिश्रा पुढच्या सीझनला हैदराबादकडं गेला, विक्रम प्रताप सिंग मुंबई सिटीकडं, आणि दोघंही पुढं भारताकडनं खेळले. कप कुठाय तर हा बघा कप.

लिव्हरपूलचा जेरार्ड तुमच्या वाचकांना माहीत असेलच, निम्म्या पोरांच्या पाठीवर त्याचं नाव असतंय अजून. इतका मोठा खेळाडू, पण कोचिंग सुरू केलं ते 2017 ला त्याच क्लबच्या अकॅडमीत, अठरा वर्षांखालच्या पोरांवर, स्कॉटलंडच्या रेंजर्सची मोठी टीम त्यानंतर. आपल्याकडं मात्र काल रिटायर झालेला आज शिट्टी गळ्यात घालून थेट सीनियर टीमच मागतो.

बरं मी शिकवतो काय ते पण सांगतो, नाहीतर नुसतीच बडबड होईल. अनगोळहून एक तेरा वर्षांचा पोरगा सायकलवर येतो, अंगानं काडी. त्याला बॉल द्यायच्या आधी मी त्याच्या पाठीमागं उभा राहतो आणि बोटं वर करतो, दोन, कधी चार. बॉल पायात यायच्या आत त्यानं मान वळवून किती बोटं ते ओरडून सांगायचं. पहिले पंधरा दिवस बॉलकडंच डोळे लावून उभा, मी म्हणायचो, "अरे काय करूलालास, मागं कोण हाय बघ की!" आता बॉल निघाला की दोनदा मान फिरवतो. परवाच्या स्पर्धेत त्यानं असंच बघितलं, मागं माणूस चिकटलेला दिसला, गपचूप एका टचमध्ये बॉल बॅकला दिला. झालं, बाहेरनं चारपाच बाप लोक एकदम, "पुढं मार रे, पुढं!" त्यातला एक त्याचाच बाप. पोरगं माझ्याकडं बघायला लागलं, मी नुसता अंगठा दाखवला. पुढची मॅच आम्ही हरलो, हो, ती बातमीतली हरलेली टीम आमचीच.

आणि आमच्या पोरांची तऱ्हा तर विचारू नका. कोल्हापूर दोन-अडीच तासांवर, तिथं रस्त्यावरचा माणूससुद्धा फुटबॉल बोलतो, पण रजिस्ट्रेशन कर्नाटकाचं म्हणून ट्रायलला रात्रभर प्रवास करून बेंगळूर. सीमेचा वाद इथं काढत नाही, त्यासाठी तुमच्या पेपरात दुसरी पानं आहेत. मार्च 2023 ला कर्नाटकानं रियाधला मेघालयाला 3-2 नं हरवून 54 वर्षांनी संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या फुटबॉल स्पर्धेचा कप, आणली तेव्हा आमच्या ग्राउंडवरची मराठी पोरंच सगळ्यात जास्त नाचली, एवढंच सांगतो.

तेव्हा साहेब, पुढच्या वेळी बातमीत पास कुणी दिला ते पण छापा, एक ओळ जास्त जाईल. आणि जमलं तर रविवारी सकाळी साडेसहाला फोटोग्राफर पाठवा. त्याला म्हणावं बॉल सोड, त्या काडीसारख्या पोराच्या मानेचा फोटो काढ. त्याचा बाप तुमचाच पेपर घेतो.

आपला,
एक जुना हाफ, टिळकवाडी, बेळगाव