विंडोजमध्ये अँटिव्हायरस आहेच, तो बंद कोण करतं ते पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिष्यवृत्तीचे अर्ज, पीकविमा, सातबारा यासाठी आता खेड्यातही घरोघरी जुना-नवा कॉम्प्युटर दिसतो. तो आणला की पहिला प्रश्न ठरलेला: फुकटातला अँटिव्हायरस कोणता टाकू? विंडोज १० किंवा ११ असेल तर वेगळा काहीच टाकू नका. 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' त्यात मुळातच आहे, त्याला ना पैसे लागतात ना मुदत. त्यावर अव्हास्ट, अविरा किंवा आणखी काही बसवलं की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. दोन-दोन फुकटचे एकदम टाकले तर ते एकमेकांच्या फाइली तपासत बसतात आणि ४ जीबी रॅमचं मशीन घुटमळतं. फुकट देणाऱ्याची कमाई कुठून होते हेही पाहावं. अव्हास्टच्या उपकंपनीने लोकांच्या इंटरनेट वापराची माहिती विकली, त्याबद्दल अमेरिकेत २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची पाळी त्या कंपनीवर आली.

खरी अडचण डिफेंडर बंद पडलेला असण्याची आहे. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' उघडा. 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू हवं. मग अगदी खाली 'एक्सक्लूजन्स' पाहा, म्हणजे डिफेंडरने तपासू नये अशा जागांची यादी. घरच्या मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. चोरीचं विंडोज किंवा ऑफिस चालू करून देणारे त्यांचं क्रॅक (परवान्याची अट चुकवणारा प्रोग्राम) पकडलं जाऊ नये म्हणून इथे फोल्डर टाकून ठेवतात, कधी कधी अख्खा सी ड्राइव्ह. मग टास्कबारवरच्या ढालीवर हिरवी खूण दिसत राहते आणि डिफेंडर त्या ड्राइव्हकडे पाहतही नाही. अशी नोंद दिसली की 'रिमूव्ह' करा आणि 'फुल स्कॅन' लावा. जुन्या हार्डडिस्कवर त्याला काही तास लागतात. हट्टी व्हायरससाठी 'ऑफलाइन स्कॅन' आहे. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटांत तपासणी होते; मध्येच लाइन जाऊ नये म्हणून लॅपटॉप चार्ज करून घ्या.

गावात व्हायरस येतो तो बहुतेक झेरॉक्सच्या दुकानातून, पेनड्राइव्हवर. 'आधार', 'सातबारा' ही फोल्डरं जागेवर दिसतात, पण चिन्हाच्या कोपऱ्यात बारीक बाण असतो. ते फोल्डर नसून शॉर्टकट असतो. डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग खरं फोल्डर उघडतं, म्हणून संशयही येत नाही. पेनड्राइव्ह लावल्यावर तो न उघडता त्यावर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा. डिफेंडरचा ठरलेला फुल स्कॅन साधारणपणे पेनड्राइव्ह तपासत नाही, हे लक्षात असू द्या. व्हायरस काढून टाकल्यावर फोल्डर गायब दिसले म्हणून घाईने फॉरमॅट मारू नका, फाइली बहुधा आतच लपवलेल्या असतात. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइली दाखवा आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स' लपवण्याची खूणही काढा; नुसत्या पहिल्या खुणेने त्या दिसत नाहीत. कधी सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरात सापडतो. तो कॉपी करून घेतल्यावरच फॉरमॅट करा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट असेल आणि ते 'मीटर्ड' (डेटा जपून वापरण्याची सेटिंग) केलेलं असेल तर अपडेट अडकू शकतात. आठवड्यातून एकदा 'प्रोटेक्शन अपडेट्स'मध्ये जाऊन स्वतः 'चेक फॉर अपडेट्स' दाबा.

विंडोज ७ वाल्यांची फसगत वेगळी आहे. त्यातही 'विंडोज डिफेंडर' नाव दिसतं, पण तो फक्त स्पायवेअर, म्हणजे चोरून माहिती गोळा करणारे प्रोग्राम पाहतो; तो अँटिव्हायरस नव्हे. शिवाय विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख मिळत राहील, मात्र विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत. अशा मशीनवर बँकेचं काम करू नका.

केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची साधनं मोफत मिळतात. झेरॉक्सवाल्यांनी आणि सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी ती वापरावीत, कारण त्यांच्या एका मशीनवरून अख्ख्या गावाचे पेनड्राइव्ह फिरतात. आणि तालुक्याच्या दुकानदारांना कळकळीची विनंती: मशीन ग्राहकाच्या हाती देताना 'एक्सक्लूजन्स'ची रिकामी यादी त्याला उघडून दाखवा.

— संगणक दुरुस्ती करणारा एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ