चेंडू निवडताना तेल बघा

महोदय,

नाशिककर टेनपिन बोलिंगला (चेंडू घरंगळवून दहा पिना पाडण्याचा खेळ) गेले की चेंडूचं वजन बघतात, लेनवरचं, म्हणजे चेंडू ज्या लांब पट्टीवरून जातो तिच्यावरचं, तेल नाही. 60 फुटांच्या लेनवर साधारण पहिले 40 फूट तेल असतं. ताज्या तेलावर खरखरीत पृष्ठभागाचा रिअॅक्टिव्ह रेझिन (लेनवर पकड घेऊन वळणारा) चेंडू घ्यावा. गुळगुळीत चेंडू नुसता घसरतो. दोन-तीन गेमनंतर हेच चेंडू लेनवरचं तेल शोषून कमी करतात, मग चेंडू लवकर वळून डोक्याच्या (सर्वांत पुढच्या) पिनच्या डावीकडे जातो (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा). अशा वेळी आधी पाय डावीकडे सरकवा, तरीही जमेना तर पॉलिश केलेला चेंडू काढा. जोर वाढवणं हा उपाय नव्हे! उरलेल्या एकट्या पिनसाठी मात्र रॅकवरचा साधा प्लॅस्टिकचाच बरा, तो सरळ जातो. प्रत्येक फेकीनंतर चेंडू पुसावा.

– एक वाचक, नाशिक