मनू, तो डाग अनाराचा नव्हता

प्रिय मनू,

व्हॉट्सॲपवर एवढं मोठं टाकलं की तू "बाबा नंतर वाचते" म्हणतेस आणि ते नंतर काही उगवत नाही, म्हणून मेल करतोय. परवा फोनवर तू विचारलंस की बाबा, तू इतकी वर्षं नक्की काय काम केलंस रे, म्हणजे मॅग्नेशियम हे माहितीये पण रोज जाऊन करायचास काय, आणि मी म्हटलं सांगतो कधीतरी आणि फोन आईकडे दिला. खरं सांगू, थोडा राग आला होता. पोरगी त्याच धातूवर रिसर्च करायला हॅम्बुर्गजवळ चाललीये आणि बापाचं काम माहीत नाही! मग रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं की मीच कधी सांगितलं नाही. बूट बाहेर काढायचे, आंघोळ, जेवण, झोप, त्यात सांगणार कधी.

आधी एक कबुली देऊन टाकतो. माझ्या डाव्या हातावर कोपराखाली जो डाग आहे ना, तो दिवाळीतला अनार फुटून झालेला नाही. तू बालवाडीत होतीस, विचारलंस, मी सांगितलं अनार. आणि मग तू सातवी-आठवीपर्यंत अनारापासून दहा हात लांब राहिलीस, त्याचं पाप माझंच. त्या डागाचं खरं काय ते सांगतो पुढे.

१९९० ला नागपूरच्या व्हीआरसीईतून, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीतून मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, करून बाहेर पडलो आणि पहिली नोकरी कोरब्याला, ॲल्युमिनियम स्मेल्टरमध्ये, म्हणजे धातू काढायच्या कारखान्यात. तुझ्या आजोबांनी पास झाल्याबद्दल एचएमटीचं घड्याळ दिलं होतं, पॉटरूममध्ये आठवड्यात बंद पडलं. पॉट म्हणजे ज्यात विजेने धातू काढतात ती मोठी टाकी. तिथे लाखभर अँपिअरची लाईन चालू असते, चुंबकत्व एवढं की खिशातल्या किल्ल्या ओढल्या जातात. जुने लोक हसले, म्हणाले साहब, घडी गेट पे रखो. साडेनऊशे डिग्रीच्या वर तापलेला क्रायोलाईट नावाच्या क्षाराचा रस, त्यात ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, विरघळवायचा आणि करंट सोडून खाली ॲल्युमिनियम जमवायचं, एवढंच. १८८६ ला अमेरिकेत हॉलने आणि फ्रान्समध्ये हेरूने वेगवेगळं शोधलेलं, आजही तेच चालतं. पण एका टनाला तेरा-चौदा हजार युनिट वीज! आपल्या घराला तेवढी चार-पाच वर्षं पुरेल, तीसुद्धा तुझा एसी धरून.

ॲल्युमिना कमी पडला की पॉट बिघडतो, चार-पाच व्होल्टचे एकदम तीस-चाळीस होतात, वरचा दिवा पेटतो आणि पॉट घरघरायला लागतो. तेव्हा एक म्हातारे मिस्त्री होते, ते ओल्या लाकडाची लांब बल्ली घेऊन येत आणि रसात खुपसत, भसाभस वाफ आणि बुडबुडे, दोन मिनिटांत दिवा विझला. मी चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकून आलेला, आणि पॉट नीट होतो लाकडाच्या बल्लीने. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं म्हणा. पण तो घरघर आवाज माझ्या कानात अजून आहे.

१९९६ ला पुण्याजवळ एका डाय कास्टिंगवाल्यांकडे आलो, म्हणजे धातूचा रस दाबाने साच्यात भरून भाग बनवणारे, ते मॅग्नेशियम सुरू करणार होते, एक्स्पोर्टचे जॉब. नागपूरला कळवलं तर तुझे आजोबा, कांद्रीच्या मँगनीज खाणीत आयुष्य गेलेलं, म्हणाले, "कायचं मॅग्नेशियम बे, मँगनीज म्हण नीट." लग्नात तुझ्या आईच्या काकांनी सगळ्यांना सांगितलं की जावई मँगनीजमध्ये आहेत. अजूनही तसंच सांगतात, मी दुरुस्त करणं सोडलंय.

तर मॅग्नेशियम. ॲल्युमिनियमपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने हलकं, लोखंडाच्या पाव वजनाहूनही कमी, हे तुला पाठ आहे. पण पुस्तकात एक गंमत नीट सांगत नाहीत. ॲल्युमिनियमचा रस लोखंड खातो, म्हणून त्याची भट्टी ग्राफाइटच्या मुशीची. मॅग्नेशियम लोखंडाला जवळजवळ हातच लावत नाही, ते चक्क स्टीलच्या भांड्यात वितळवतात, पंपसुद्धा स्टीलचा आणि रसात बुडालेला, त्यामुळे असं पंप रसातच असलेलं हॉट चेंबर मशीन चालतं, सटासट भाग पडतात. एवढं सभ्य. फक्त हवा लागू द्यायची नाही. झाकण उघडलं की रसावर काळपट साय येते, मग फुलकोबीसारखे फुगोटे, आणि मग पांढरीशुभ्र आग जिच्याकडे बघवत नाही.

ती थांबवायला वरून गॅसची चादर ठेवायची. पूर्वी गंधकाची पूड मारायचे, आमच्या वेळी एसएफ सिक्स, म्हणजे सल्फर हेक्साफ्लोराइड गॅस, आला होता, ना वास ना त्रास, आम्ही खूश. झडप थोडी जास्तच उघडी ठेवायचो, कशाला रिस्क. नंतर कळलं की तो गॅस कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटीहून जास्त पृथ्वी तापवतो आणि शेकडो वर्षं हवेत राहतो. तू पर्यावरण दिनाला शाळेत तक्ता करत होतीस तेव्हा तुझा बाप झडप उघडून बसला होता. आता बहुतेक ठिकाणी तो बंद होत आलाय, बरंच झालं.

आता तो डाग. २००३ चा जुलै, सेकंड शिफ्ट, बाहेर धो धो पाऊस. मी शिफ्ट इनचार्ज. रसावरची मळी काढायची पळी रोज भट्टीच्या कडेला तापत ठेवलेली असते, नियमच आहे, कुठलंही हत्यार दीडशे डिग्रीच्या वर तापवल्याशिवाय रसात घालायचं नाही. त्या दिवशी तिचा दांडा वाकला होता म्हणून मी दुसरी घेतली, शटरजवळ टेकवलेली. दिसायला कोरडी. हात लावून बघितलं, कोरडी. ऑपरेटर म्हणालासुद्धा, "साहेब, दोन मिनिटं तापवू का?" मी म्हटलं राहू दे, लॉट लेट होतोय. वेल्डिंगच्या खाचेत थेंबभर पाणी असेल बहुतेक. रसात गेल्यावर फट्ट आवाज झाला, दिवाळीतल्या लवंगी माळेतल्या एका फटाक्याएवढाच, आणि मूठभर रस उडाला. पाण्याची वाफ होते तेवढंच नाही, मॅग्नेशियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन सोडतं, मग तोही पेटतो. हातमोज्याच्या वरच्या काठातून आत गेलं. जमिनीवर पडलेलं पेटलं. एक नवीन पोरगा, दोन दिवसांपूर्वी लागलेला, बादली घेऊन धावला पाण्याची. भला माणूस, आग दिसली की पाणी आणायचं हेच कुणीही करेल. त्या ऑपरेटरने त्याला अक्षरशः पायात पाय घालून पाडलं, बादली दाराशीच सांडली, आणि स्वतः आगीवर फ्लक्सची, म्हणजे आग झाकणाऱ्या क्षारांच्या पुडीची, गोणी रिकामी केली. ते पाणी आगीवर पडलं असतं तर हे पत्र लिहायला मी नसतो, आणि अजून दोघं-तिघं.

चूक शंभर टक्के माझी होती. रिपोर्टमध्ये मी तसंच लिहिलं. घरी मात्र अनार म्हणालो. तुझ्या आईला खरं सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ दिलं नसतं, आणि होम लोनचा दुसरा हप्ता होता. तिला चार वर्षांनी कळलं, तेही त्या ऑपरेटरच्या बायकोकडून, हळदीकुंकवाला. त्या संध्याकाळचं नको विचारूस.

दुसरी गोष्ट तुझ्या कामाची आहे, म्हणून जरा सविस्तर. एझेड ९१ मध्ये, म्हणजे आम्ही वापरायचो त्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत, लोखंड टक्क्याच्या हजाराव्या हिश्श्यात मोजायचं, चार-पाच हजारांशाच्या वर गेलं की माल गंजतो, निकेल त्याहून वाईट. आम्ही ते जपायचो, वितळवलेल्या दर घाण्याची स्पेक्ट्रोमीटरवर तपासणी. एकदा गिअर हाउसिंगचा, म्हणजे गिअरच्या बाहेरच्या कवचांचा, अख्खा लॉट परत आला. आत रसायन चोख, कास्टिंग सुंदर, आणि मिठाच्या फवाऱ्यात ठेवलं की बोल्टभोवती पांढरी पूड, हुबेहूब पापडखार, नखाने खरवडलं तर खड्डा. तीन आठवडे मी रसात दोष शोधत होतो. दोष रसात नव्हताच. जुळणी करणाऱ्याने ॲल्युमिनियमच्या वॉशरशिवाय साधे स्टीलचे बोल्ट लावले होते. स्टील आणि मॅग्नेशियम चिकटले आणि ओल मिळाली की बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात मरतं नेहमी मॅग्नेशियम.

तू तुझ्या प्रपोजलमधलं ते पान पाठवलंस, लॅम्बॉटचं, बेल्जियमचा सर्जन, १९०७ च्या सुमारास पायाच्या हाडाला मॅग्नेशियमची पट्टी बसवली आणि स्टीलचे खिळे मारले, आठ दिवसांत पट्टीचा भुगा आणि कातडीखाली गॅस. मी वाचून खुर्चीतून उठलो. अगं ते माझंच हाउसिंग आहे! माझ्याआधी शंभर वर्षं कुणीतरी तीच चूक माणसाच्या पायात करून बसलं होतं आणि मला तीन आठवडे लागले कळायला.

आणि तुम्हा लोकांना ते विरघळायलाच हवंय. हाड जुळेपर्यंत स्क्रूने धरायचं आणि मग गुपचूप निघून जायचं, दुसरं ऑपरेशन नको. मी ज्या गंजण्याशी पंचवीस वर्षं भांडलो त्यावर तू पीएचडी करणार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, जरा लागलंच मनाला. आता विचार करतो तेव्हा वाटतं तुझं काम जास्त अवघड आहे. मला फक्त "गंजू नको" म्हणायचं होतं, तुला "बारा आठवड्यांनी गंज, त्याआधी नको, आणि गॅस हळू सोड" असं म्हणायचंय. एझेड ९१ तर तुझ्या कामाचाच नाही, नऊ टक्के ॲल्युमिनियम शरीरात कोण घालेल.

एक खंत आहे ती सांगतो आणि थांबतो. टीव्हीच्या शोकेसमधला तो चंदेरी खडबडीत दगड, जो तू भातुकलीत बर्फ म्हणून वापरायचीस, तो मी २००८ ला चीनमधून आणला, शान्शी प्रांतातल्या फुगूमधून. व्हेंडर ऑडिटला, म्हणजे धातू पुरवणाऱ्यांचा कारखाना तपासायला, गेलो होतो. तिथे मॅग्नेशियम काढायची पिजन नावाच्या शास्त्रज्ञाची पद्धत, १९४० च्या दशकात कॅनडात निघालेली. भाजलेला डोलोमाईट, म्हणजे मॅग्नेशियम असलेला दगड, आणि फेरोसिलिकॉन, म्हणजे लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू, यांच्या गोळ्या करून स्टीलच्या लांब नळ्यांत भरायच्या, हवा ओढून घ्यायची आणि बाहेरून बाराशे डिग्री. आत धातूची वाफ होते आणि नळीच्या थंड तोंडाशी जमते, वीस-पंचवीस किलोचा मुकुट, आतून स्फटिकांनी भरलेला. झाकण काढलं की टोकाला जमलेलं सोडियम-पोटॅशियम भुरकन पेटतं, माणसं मान वळवतात आणि पुढच्या नळीकडे जातात. उरलेली राख लांब दाताळ्याने ओढून काढायची, त्या उष्णतेत मी पाच मिनिटं उभा राहू शकलो नाही. ते लोक आठ तास राहत होते. भट्टीला लागणारा गॅस शेजारच्या कोकच्या भट्ट्यांतून वाया जाणारा, म्हणून स्वस्त.

परत आल्यावर मी एक रिपोर्ट केला. आपल्या चंद्रपूर-यवतमाळकडे डोलोमाईट आहे, कोळसा आहे, छोटा कारखाना का नको? एका टनाला दहा-अकरा टन डोलोमाईट, टनाहून थोडं जास्त फेरोसिलिकॉन, आणि त्या फेरोसिलिकॉनच्या टनाला परत आठ-नऊ हजार युनिट वीज. आकडा काही केल्या जुळेना. बँकेतल्या साहेबांनी दहा मिनिटांत फाईल परत दिली, आणि त्यांची चूक नव्हती. म्हणजे बघ, कोरब्यात मी धातू काढला, पण मॅग्नेशियम मी कधी काढलंच नाही, दुसऱ्यांनी काढलेल्या धातूची लादी आणून वितळवत बसलो. २०२१ च्या सप्टेंबरात फुगूवाल्यांना वीज वाचवायला भट्ट्या बंद करायला सांगितल्या, भाव तिपटीवर गेला, आणि आमचा पर्चेसवाला रोज सकाळी मला फोन करायचा जणू माझ्याकडे माळ्यावर साठा आहे. माझ्याकडे तो एक दगड होता.

तो दगड तू नेणार म्हणालीस ते मात्र नको. विमानतळावर मॅग्नेशियम म्हणालीस की सगळी बॅग उघडायला लावतील, आणि तुला खोटं बोलता येत नाही, ते तू माझ्याकडून घेतलं नाहीस. इथेच राहू दे शोकेसमध्ये. लॅबमध्ये पॉलिश करताना मॅग्नेशियमचा बारीक चुरा साठू देऊ नकोस, ओला तर मुळीच नाही, आणि डबा घट्ट बंद करायचा नाही, हायड्रोजन साठतो. तिथले लोक सांगतीलच, तरी.

आई विचारतेय मेतकूट द्यायचं की डिंकाचे लाडू, दोन्ही बसत नाहीये, तिने काट्यावर दोनदा ठेवून बघितलं, २३ किलोच्या वर जातंय. मी म्हटलं जाड स्वेटर काढ, तिकडे मिळतात. ती ऐकत नाहीये. रात्री फोन कर आणि तूच सांग तिला.

बाबा

ता.क. तो ऑपरेटर गेल्या वर्षी रिटायर झाला, चाकणला असतो. जायच्या आधी एकदा जाऊन येऊ का आपण दोघं? त्याला मी सांगितलंय की तुला आता खरं माहिती आहे.